लिंबाच्या पानावरचे डाग

वहिनीचं शिवणाचं मशीन खिडकीला लागून होतं, खिडकीबाहेर गॅलरी, आणि गॅलरीत लिंबाच्या तीन कुंड्या. दिवसभर खाली मान घालून शिवणाऱ्या बाईला मान वर करायला काहीतरी निमित्त हवं होतं, एवढंच. रोपवाली म्हणाली होती, "नुसती फुलं लावाल तर फुलपाखरं चहाला आल्यासारखी येतील नि जातील. बाळंतपणाला यायला हवी असतील तर लिंबू लावा. त्यांच्या पोरांना तोच पाला लागतो."

आणि खरंच आली. काळ्या-पिवळ्या नक्षीचं एक फुलपाखरू कोवळ्या शेंड्यापाशी थरथरत टेकायचं, पोट वाकवायचं, उडायचं. मागे पानाच्या कडेला पिवळसर मणी, टाचणीच्या डोक्याएवढा. वहिनीने गिऱ्हाइकांना खिडकीपाशी नेऊन नेऊन ते मणी दाखवले.

चार दिवसांनी मणी गायब. अळी नाही, टरफल नाही, काही नाही. पुन्हा फुलपाखरू आलं, पुन्हा मणी, पुन्हा गायब. असं दीड महिना चाललं.

वहिनीचा पहिला संशय चिमण्यांवर गेला, कारण पानांवर त्यांची घाण पडलेली दिसायची, काळपट-तपकिरी, मध्ये पांढरा पट्टा. ती रोज सकाळी साबणाच्या पाण्यात फडकं भिजवून, मण्यांना धक्का न लावता, पानन् पान पुसायची. मग तिने कुंड्यांभोवती अस्तराच्या चकचकीत पट्ट्या बांधल्या. चिमण्या यायच्या बंद झाल्या. घाण मात्र पडतच राहिली. वहिनी चक्रावली. पक्षी दिसत नाही आणि शिट दिसते, हा काय प्रकार?

दुसरा संशय घरातच होता.

थोरली नणंद निवृत्त होऊन भावाकडे राहायला आली होती. हॉस्पिटलात पस्तीस वर्षं वॉर्ड सांभाळलेली, त्यामुळे सख्खा भाऊही तिला सिस्टर म्हणायचा. सिस्टरला दुसरं घर नव्हतं, आणि हे घर हवंय असं ती तोंडाने कधी म्हणाली नव्हती. फक्त रोज दुपारी जंतुनाशकाची बाटली काढून फरशी पुसायची, गॅलरीचीसुद्धा. घराला आपरेशनचा वास यायचा.

"ताई, तुमचं ते औषध कुंड्यांपर्यंत नेऊ नका," वहिनी एकदा जेवताना म्हणाली.

"मी कुंड्यांना हात लावत नाही."

"मग अंडी जातात कुठे?"

"मला विचारतेस? मी काय तळून खाल्ली?"

"खाल्ली म्हणत नाही मी. वासानेसुद्धा मरत असतील. नाजूक जीव तो."

"पस्तीस वर्षं माणसं नाही मेली त्या वासाने." सिस्टरने पाण्याचा पेला जरा जोरात ठेवला. "अरे, तू तरी बोल काहीतरी."

"मी जेवतोय," नवरा म्हणाला.

त्यानंतर सिस्टर गॅलरीत फिरकली नाही. अंडी तरीही जात राहिली. यावरून खरं तर वहिनीला कळायला हवं होतं. पण एकदा मनात टाका पडला की उसवायला वेळ लागतो. गुरुवारी सिस्टरने सांगितलं, जुन्या मैत्रिणीकडे एक खोली रिकामी आहे, रविवारी जाते. आवाजात राग नव्हता. वहिनीला राग चालला असता.

शनिवारी सकाळी सिस्टर बॅग भरत होती. वहिनी हातात ओलं फडकं घेऊन दारात उगाच उभी राहिली. थांबा म्हणावं, तर अंड्यांचं काय झालं ते अजून कळलेलं नाही. थांबू नका म्हणावं, तर तेही मनाला पटत नाही.

"त्या चिमण्यांनी परत घाण केली," ती म्हणाली. दुसरं काही सुचेना.

"फरशीवर?"

"नाही, पानांवर."

"कुंडीच्या काठावर? कठड्यावर?"

"नाही. पानांवरच."

सिस्टर घड्या घालता घालता थांबली. "पक्षी काय भांडं बघून बसतो? इकडेतिकडे कुठे एक थेंब नाही?"

वहिनी गॅलरीत गेली. खरंच, कठडा स्वच्छ, फरशी स्वच्छ. घाण प्रत्येक वेळी पानाच्या बरोबर मधोमध, जणू कोणी मापं घेऊन टाकलीय. तिने फडक्याचं टोक एका डागाला लावलं. डागाने डोकं उचललं. डोक्यामागून लाल, दोन टोकांचं शिंग बाहेर आलं आणि उग्र वास सुटला.

वहिनीने हात मागे घेतला. दीड महिन्यातल्या सकाळी तिच्या डोळ्यांसमोरून गेल्या, एकेक पान, कोपरेसुद्धा न सोडता पुसलेलं.

पान तोडून ते तळहातावर घेऊन ती सिस्टरसमोर गेली. "ताई, ही शिट नाही. अळी आहे."

सिस्टरने चष्मा लावला, वाकून पाहिलं. मग म्हणाली, "आणि तू रोज पुसत होतीस."

"रोज."

"मी बघत होते की. म्हटलं, तिची झाडं, तिला कळत असेल. मला वाटायचं अशी निगा राखतात."

"मी तुमच्यावर आळ घेतला."

"घेतलास," सिस्टर म्हणाली.

"जाऊ नका ना."

"मैत्रिणीला शब्द दिलाय. आता काय सांगू?"

"सांगा, भावजयीला शिट नि अळी यातलं कळत नाही. घरात कोणीतरी शहाणं लागतं."

"मला तरी कुठे कळतं?" असं म्हणून सिस्टरने बॅग उघडीच ठेवली आणि पान वहिनीच्या हातातून अलगद घेतलं. "आधी हिला झाडावर सोडू. भुकेली असेल."

दोघी गॅलरीत आल्या. पान फांदीत अडकवलं. झाडावर आणखी चार डाग होते. तीन तसेच, पट्टेवाले. चौथा जरा पसरट होता.

"हा?" वहिनीने विचारलं.

"हा तर मला खरंच चिमणीचा वाटतो."

"पुसू?"

"हात लावू नकोस. बघू हलतो का."

दोघी कठड्याला टेकून उभ्या राहिल्या. डाग हलेना. आतून नवऱ्याने दोनदा चहाचं विचारलं. दोघी डागाकडेच बघत होत्या.