जुनं पात्र

दोन हजार तेवीस सालच्या मार्गशीर्षात दुर्गाबाईंना सिनेमात काम मिळालं. निदान त्यांची तशी समजूत झाली.

सिनेमा कंपनीतल्या आमोदचा फोन आला. "आजी, आम्हाला तुमच्या घरातलं जुनं पात्र हवंय. उद्या गाडी पाठवतो. जरा घासूनपुसून ठेवा."

घरातलं सगळ्यांत जुनं पात्र आपणच, याबद्दल दुर्गाबाईंना शंका नव्हती. 'घासूनपुसून' जरा झोंबलं. पण त्यांनी डाळीच्या पिठानं तोंड धुतलं आणि संध्याकाळपर्यंत अख्ख्या शनिवार पेठेत बातमी पोचवली.

"तुम्हाला कोण घेतंय सिनेमात?" सून अस्मिता म्हणाली.

"पडद्यावर तोंड दिसलं की विचार."

सकाळी दोन माणसं आली. नऊवारी नेसून बसलेल्या दुर्गाबाईंना वळसा घालून ती न्हाणीघरात शिरली, नेहमीप्रमाणे चिंचेनं लख्ख घासलेलं तांब्याचं घंगाळ उचललं आणि गाडीत पुढच्या सीटवर बसवून त्याला पट्टा बांधला.

"मी कुठे बसू?"

"जागा नाही हो, आजी."

घंगाळ एसीच्या गार हवेत वाघोलीला चित्रीकरणाला गेलं. दुर्गाबाई मनपाच्या थांब्यावरून बसनं, उभ्यानं.

तिथे घंगाळावर छत्री धरलेली, शेजारी पंखा. दुर्गाबाईंनी उन्हातूनच आमोदला विचारलं, "माझे संवाद?"

तो ओशाळला. "आजी, पात्र म्हणजे भांडं."

"मग भांडं म्हणायला काय झालं होतं?"

"सर म्हणतात, त्यानं त्याचा अपमान होतो."

आता पेठेत कोणत्या तोंडानं परतायचं? त्या तडक दिग्दर्शक दिग्विजयपुढे उभ्या राहिल्या. "घंगाळ माझ्या माहेरचं. मी दिसणार नसेन तर ते घरी चाललं."

दिग्विजय पांढराफटक पडला. "पण माणूस मधे आला की घंगाळाचा अभिनय झाकोळतो हो."

"मग त्याच्या पोटात दिसते."

शेवटी त्यांना कॅमेऱ्याशेजारी बसवलं. तांब्यात त्यांचा चेहरा उमटला, पुरीसारखा टम्म.

सिनेमा लागला. "दिसलात हो, आई," अस्मिता म्हणाली. परीक्षणात मात्र 'घंगाळाच्या मुद्रेवरील मूक वेदने'चं कौतुक होतं.

दिग्विजय सध्या खलबत्त्याच्या तारखांसाठी थांबला आहे. आमोद सिनेमा सोडून बँकेत लागला. घंगाळाचे सत्कार झाले. त्याच्या शाली अस्मिता पांघरते. घंगाळ आता दिवाणखान्यात असतं. दुर्गाबाई प्लास्टिकच्या बादलीतलं पाणी अंगावर घेतात, आणि घंगाळ बघायला आलेले पाहुणे त्यांनाच जरा बाजूला सरकायला सांगतात. फोटोत मधे येतात म्हणून.