पंख्याकडे पाहून दिलेला निकाल

“तुले शब्दायची हौस हाय, तू शीक. पण या घरच्यायले शिकवू नोको वं पोरी,” लसूण सोलता सोलता रंभाबाई म्हणाली होती. “यायच्या हाती चाकू देला त हे भाजी नाही कापत.”

हिमानी तेव्हा फ्रिजवर चिठ्ठी चिकटवत होती. चिठ्ठीवर लिहिलं होतं, ‘समन्स’. तिने हसून तो इशारा उडवून लावला. या घरच्यांना शब्द शिकवायचे म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. सकाळी ऐकलेलं दुपारच्या झोपेत वाहून जाणार. चाकू कसला, यांच्या हाती चमचासुद्धा धड राहत नाही, असं तिचं या घराबद्दलचं पक्कं मत होतं.

मत तसं निराधार नव्हतं. मनीषनगरातल्या त्या दोनमजली घरात तिने लग्नानंतर एक पुस्तक उघडं पाहिलं नव्हतं. सासरे नत्थूजी नागपूरच्या महाल भागातल्या कापडाच्या दुकानातून निवृत्त झाले होते आणि आता घरभर निवृत्त असायचे. दिवाणखान्यात निवृत्त, गच्चीवर निवृत्त, जेवताना तर फारच. सासूबाई कौशल्या यांचे गुडघे कामाच्या वेळी दुखायचे आणि भिशीच्या दिवशी बरे असायचे. दीर धर्मेंद्र प्लॉटची दलाली करायचा. पाच बोटांत चार अंगठ्या, गालात तंबाखूचा खर्रा, आणि कोणत्याही प्रश्नाला एकच उत्तर: “होऊन जाईन, टेन्शन नाही लेनेका.” राहता राहिला नवरा अंकित. त्याचं सगळ्यांशी पटायचं, कारण तो सगळ्यांच्याच बाजूने असायचा.

अशा घरातून हिमानीने लॉच्या प्रवेश परीक्षेचा अभ्यास केला आणि प्रवेशही मिळवला. घराने तिला अडवलं नाही. अडवायलासुद्धा आधी दखल घ्यावी लागते.

कॉलेज सुरू व्हायला अजून अवकाश होता. पुस्तकं उघडली की मराठी शब्द दगडासारखे समोर यायचे: स्थगिती, जप्ती, ताबा, वहिवाट. पाठ करायला बसावं तर उन्नती मांडीत. पोर साडेतीन वर्षांची आणि हिमानीचा जीव सदा टांगणीला. गॅसचा नॉब बंद आहे ना, जिन्याचं फाटक लागलंय ना, तोंडात काही घातलं तर नाही. मग तिने अभ्यासाचाच खेळ केला. रोज फ्रिजवर एक शब्द लावायचा आणि संध्याकाळपर्यंत घरातल्या प्रत्येकाने तो एकदा तरी वापरायचा.

खेळ चालला. उन्नती आंघोळीच्या वेळी पलंगाखाली शिरून ओरडायची, “मी स्थगिती आणली!” जेवताना अंकितचा मोबाइल ‘जप्त’ व्हायचा. कौशल्याबाई “पोरीच्या डोक्यात हे काय भूत घातलं वं?” म्हणत म्हणत शेजारणीच्या कुंडीला ‘अतिक्रमण’ म्हणू लागल्या. रविवारी संध्याकाळी दिवाणखान्यात कोर्ट भरायचं. न्यायाधीश नत्थूजी, कारण त्यांना बसून राहण्याचा अनुभव दांडगा. अंगावर हिमानीची काळी ओढणी. पुकारा करायचं काम उन्नतीचं. ती दारात उभी राहून बेंबीच्या देठापासून ओरडायची, “रंभाबाई, हाजीर होऽऽ!”

आणि रंभाबाई घरात असेल तिथून, मोरीतून, परसातून, देवघरातून उत्तर द्यायची, “हाजीर हाय, साहेब!”

आरोपी नेहमी तीच असायची. कधी उन्नतीच्या दुधात जास्त साखर टाकल्याचा गुन्हा, कधी ताजी पोळी गाईला घातल्याचा. नत्थूजी तिच्याकडे पाहून हसू दाबत शिक्षा सुनवायचे: “आरोपीनं कोर्टाले चहा पाजावा.” चहा व्हायचा, कोर्ट उठायचं.

रंभाबाई नत्थूजींची थोरली बहीण. विधवा झाली तेव्हा पदरात मूल नव्हतं. माहेरी आली ती इथलीच झाली. घराच्या पुढच्या, रस्त्याकडच्या खोलीत तिचा पलंग होता. घरात हिमानीला कोणाची खात्री वाटत असेल तर या बाईची. उन्नती झोपेत कुशीवर वळली तरी रंभाबाईला जाग यायची. कॉलेजच्या वेळात पोर तिच्यापाशी राहणार, हे ठरलं होतं. त्याच भरवशावर हिमानीने प्रवेश घेतला होता. रंभाबाई त्या खोलीत होती, म्हणून कॉलेज होतं.

आणि त्याच खोलीवर धर्मेंद्रचा डोळा होता.

“रोड टच हाय न ते,” तो जेवताना म्हणायचा. “शटर लावलं का झालं ऑफिस. पार्टी घरात येते, मागं कुकर वाजून राहिला राहते. इज्जत काय राहते धंद्याची?”

कौशल्याबाई मान डोलवायच्या. नत्थूजी वरणात भात कालवत राहायचे. गोष्ट तिथेच थांबायची, कारण या घरात एक रीत होती. माहेरी परतलेल्या बहिणीला भावाने ‘जा’ म्हणायचं नसतं. बाजारात निघालेल्या रंभाबाईलासुद्धा कोणी ‘जा’ म्हणत नसे; ‘ये लवकर’ म्हणत. नत्थूजींच्या आईने मरताना तसं वचन घेतलं होतं, आणि वचन मोडलं तर या लोकांना पापापेक्षाही भीती एकाच गोष्टीची: नातेवाइकांत बोभाटा होईल. पापाचं काय, ते घरातल्या घरात पचतं.

हिमानीला या रीतीचं हसू यायचं. मनात सगळ्यांच्या तेच, पण तोंड उघडायची छाती एकाचीही नाही. भित्री माणसं निदान निरुपद्रवी असतात, असं ती समजून चालली. इथेच ती फसली. भित्र्या माणसाला फक्त दुसऱ्याचं तोंड हवं असतं.

कॉलेज सुरू होण्याच्या आधीचा तो रविवार. फ्रिजवर शब्द होता ‘तडीपार’. नागपूरकराला हा शब्द शिकवावा लागत नाही, तरी उन्नतीला त्याचा आवाज आवडला म्हणून हिमानीने लावला होता. संध्याकाळी कोर्ट भरलं. धर्मेंद्र, जो एरवी या खेळाला ‘वकीलीणबाईचा टाइमपास’ म्हणायचा, तो त्या दिवशी स्वतःहून उभा राहिला.

“आज सरकारी वकील मी.”

हिमानीला मौज वाटली. माकडाने केळं सोलून दाखवलं की वाटते तेवढीच.

“माय लॉर्ड,” धर्मेंद्रने गालातला खर्रा दुसऱ्या गालात सरकवला, “आरोपीनं पुढच्या खोलीवर अतिक्रमण केलं हाय. ताबा हाय, मालकी नाही. कागद त काहीच नाही.”

“वा भाऊजी!” हिमानी टाळी वाजवून म्हणाली. “ताबा आणि मालकी! पाठ केलं वाटतं!”

“मास्तरीण चांगली भेटली न.”

सगळे हसले. कौशल्याबाई जरा जास्तच हसल्या. अंकित मोबाइलमध्ये बघून हसला.

“आरोपीले काही म्हणायचं हाय का?” नत्थूजींनी विचारलं.

रंभाबाई हात जोडून उभी होती, खेळातल्यासारखी. “काय म्हणू साहेब? तुमचंच घर, तुमचंच कोर्ट.”

नत्थूजींनी खांद्यावरची काळी ओढणी सावरली. घसा खाकरला. मग छताच्या पंख्याकडे पाहत ते म्हणाले, “सगळं ऐकून घेतल्यावर हे कोर्ट आरोपी रंभाबाईले तडीपार करून राहिलं हाय.”

पंखा घरघरत होता. उन्नतीने टाळ्या पिटल्या, “ताडीपाल! ताडीपाल!” धर्मेंद्र म्हणाला, “अपील नाही बरं का!” रंभाबाईसुद्धा हसली. म्हणाली, “बरं साहेब.” आणि नेहमीसारखी चहा ठेवायला आत गेली. चहा उत्तम झाला होता. सगळ्यांनी दोनदा घेतला.

सकाळी हिमानी उन्नतीचं दूध गरम करायला उठली, तर पुढच्या खोलीतलं अंथरूण गुंडाळलेलं. ट्रंकेला कुलूप. रंभाबाई स्वच्छ पातळ नेसून पलंगाच्या कडेला बसलेली. बाहेर धर्मेंद्रची गाडी चालू होती. तो एरवी नऊशिवाय अंथरूण सोडत नसे.

“आत्याबाई, हे काय?”

“रुपरावकडं जाऊन राहिली. कळमन्याले.” रुपराव तिच्या नवऱ्याकडचा पुतण्या, कळमना मार्केटमध्ये अडत्याकडे काटा धरायचा.

“अहो, खेळ होता तो! कालचा खेळ होता!”

रंभाबाईने तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं, जशी ती उन्नतीकडे पाहायची. “खेळ असता त त्यानं माह्याकडं पाह्यलं असतं वं.”

हिमानी धावत दिवाणखान्यात गेली. “बाबा, थांबवा त्यांना. तुम्ही एक शब्द बोललात तर थांबतील.”

नत्थूजी पेपर वाचत होते. पेपर उलटा नव्हता. एवढा नाटकीपणाही त्या माणसाकडे नव्हता. “मी कुठं जा म्हटलं तिले? ती तिच्या मनानं जाऊन राहिली.”

“हो न,” कौशल्याबाई म्हणाल्या. “कोणी जा म्हटलं का? माह्या तोंडून त आजपर्यंत नाही निंगालं. जीभ झडून जाईन माही.”

“अंकित?”

अंकितने दाढीचा ब्रश थांबवला. “आता आत्याबाईचं मन झालं तर आपण काय करणार? येतील थोड्या दिवसांनी. तू पण ना, छोट्या गोष्टीचं...” वाक्य अर्धंच राहिलं. पूर्ण करायला लागतो तेवढा कणा त्याच्याकडे नव्हता.

धर्मेंद्र ट्रंक उचलून डिकीत ठेवत होता. हिमानीला पाहून तो सरळ झाला, आणि ज्या माणसाला ती इतके दिवस अक्षरशत्रू समजत होती तो अगदी स्वच्छ उच्चारात म्हणाला, “संमती हाय न वहिनी त्यायची. मुक्त संमती. दबाव नाही, फसवणूक नाही. तुमच्याच फ्रिजवर होतं, मागच्या हप्त्यात.”

तो शब्द तिला त्याच्या खर्ऱ्याने रंगलेल्या दातांत दिसला. तिच्याच अक्षरातला.

रंभाबाई पायरी उतरली. फाटकापर्यंत सगळे आले. रीत मोडली नाही हं. चौघांनीही एका सुरात म्हटलं, “ये लवकर.”

महिन्याभरात पुढच्या भिंतीला शटर लागलं. वर बोर्ड चढला. त्यावर धर्मेंद्रचं नाव आणि खाली ‘क्लिअर टायटल प्लॉट’. नत्थूजी आता दुपारी तिथेच खुर्ची टाकून निवृत्त असतात. फ्रिजवर कौशल्याबाईंनी भिशीचा कागद लावला आहे.

कॉलेज त्याआधीच सुरू झालं होतं. “आता पोर कोण सांभाळणार? माह्ये त गुडघे,” त्या म्हणाल्या. “पुढच्या वर्षी जा न कॉलेजले,” अंकित म्हणाला. हिमानीने दोघांकडेही न पाहता उन्नतीचा डबा भरला, कॉलेजच्या वाटेवरच्या पाळणाघरात तिला सोडलं आणि पहिल्या दिवसाच्या तासाला जाऊन बसली. बसली, पण कान फोनकडे. तिथल्या बाई जिन्याचं फाटक लावतात की नाही, कोण जाणे.

थंडीत एका रविवारी ती उन्नतीला स्कूटीवर घेऊन कळमन्याला गेली. मिरचीच्या शेडांच्या मागे टिनाच्या खोल्यांची ओळ. लांबूनच ठसका लागत होता. उन्नतीने ओढणी नाकावरून काढली आणि ओरडली, “रंभाबाई, हाजीर होऽऽ!”

“हाजीर हाय, साहेब!” आतून आवाज आला. मग ती आली. वाळली होती. उन्नती जाऊन तिच्या पायांना बिलगली आणि गाल वर करून उभी राहिली. एरवी रंभाबाई ते गाल दोन्ही हातांत धरायची, मग कानशिलावर बोटं मोडून दृष्ट काढायची. आज तिचे हात पदराखालून बाहेर आले नाहीत.

“आजी, गाल घे ना.”

“हात खरकटे हाय बाप्पा माह्ये.”

दाराआड पोत्यावर बोटं पोळवणाऱ्या लाल मिरच्यांचा ढीग होता आणि बाजूला खुडलेल्या देठांचा. रुपरावची बायको घाईने म्हणाली, “टाइमपास म्हणून खुडते त्या. आम्ही नाही लावत कामाले. बसून बसून बोर होते म्हणे.”

“आत्याबाई, घरी चला,” हिमानी म्हणाली. “मी बोलते बाबांशी.”

“कोणत्या घरी वं? तिथं त बोर्ड लागला म्हणते.” मग ती हसली. “आन तू बोलशीन, तो पंख्याकडं पाहीन. राहू दे. तुहं कॉलेज कसं हाय?”

“तुम्ही बऱ्या आहात ना?”

“मस्त हाय मी.”

हिमानी त्यानंतरही दोनदा जाऊन आली. दोन्ही वेळा रंभाबाई मस्त होती. दोन्ही वेळा हात पदराखाली होते.

कॉलेजात सर परवाच शिकवत होते: घरचा साक्षीदार हितसंबंधी, त्याची साक्ष पारखूनच घ्यावी लागते. हिमानीने वहीत लिहून घेतलं, आणि पेन तिथेच थांबलं. ती सून. ज्या घराने बाईला काढलं त्याच घरची. तिच्यासमोर रंभाबाई खरं कधीच बोलणार नाही, भावाची अब्रू जाईल म्हणून. इथे घरचं माणूस उपयोगाचं नाही. त्रयस्थ हवा.

म्हणून तिची ही विनंती तुम्हाला आहे. तुम्ही रंभाबाईचे कोणी लागत नाही, हीच तुमची पात्रता. संत्री घ्यायला, धान्य घ्यायला कधी कळमन्याला गेलात, तर जरा मिरचीच्या शेडांच्या मागे जाऊन या. टिनाच्या ओळीत निळ्या दाराची खोली. बाहेरून मोठ्याने पुकारा करा, “रंभाबाई, हाजीर हो!” आतून उत्तर येईल. ती मस्त आहे म्हणेल. तेवढ्यावर परत फिरू नका.

हात दाखवायला सांगा.