मधल्या खोलीतली डबी

जलालुद्दीनच्या डोक्यावरचं हेल्मेट अजून उतरलं नव्हतं, तेवढ्यात रिनाने त्याला दारातच धरलं.

“भाऊ, तीन दिवसांत पाच वेळा नेट कट झालं. काल मीटिंगमध्ये मी बोलून राह्यली अन् तिकडं कोणाले ऐकूच नाई येत. तुमी तर म्हणत होते, मागच्या खोलीतही फुल्ल येईन.”

“पाह्यतो बाई.”

“मी तुमच्या मालकाले, बिरजूभाऊले फोन केला तवा तुमी आले. नाईतर कोण येते पाहाले?”

मधल्या खोलीत गुणवंतराव पुस्तक उघडून बसले होते. पाव तास झाला, पान उलटलं नव्हतं. कोणाचाही आवाज चढला की आपल्याच हातून काही घडलं असावं असं त्यांना वाटायचं. राजुऱ्याच्या शाळेत ते बत्तीस वर्षं ग्रंथपाल होते. तिथेही मुख्याध्यापक शिपायावर ओरडले की पलीकडे ग्रंथालयात यांच्या कपाळावर घाम यायचा. लोक त्यांना मास्तर म्हणायचे; आपण कधी वर्गावर शिकवलं नाही हे सांगायचंही त्यांच्या जिभेवर यायचं नाही. आज मात्र बराच विचार करूनही त्यांना स्वतःची काही चूक आठवत नव्हती.

बाबुपेठेतलं त्यांचं घर म्हणजे एकामागे एक तीन खोल्या, आणि मधल्या भिंती दीड दीड फुटाच्या. मुलगा अजय खाणीत शिफ्टवर जायचा. सून रिना पुण्याच्या एका कंपनीसाठी दवाखान्यांचे विम्याचे कागद तपासायची, घरूनच, मागच्या खोलीत बसून. वायफायची मशीन पुढच्या खोलीत. मागच्या खोलीपर्यंत येता येता सिग्नलचा जीव जायचा. म्हणून तीन डब्यांची ही नवी मेश व्यवस्था बसवून घेतली होती.

ती बसवायलाही जलालुद्दीनच आला होता. पन्नाशीचा, सडसडीत माणूस. बोलता बोलता कळलं की त्याने पंचवीसेक वर्षांपूर्वी याच गल्लीतल्या कितीतरी गच्च्यांवर टीव्हीचे अँटेना फिरवले होते. वरून तो “आलं का?” विचारायचा आणि खालून अख्खं घर “गेलं, गेलं” ओरडायचं. मग केबल आली, मग डिशच्या छत्र्या आल्या, आता हे. मेश म्हणजे काय ते गुणवंतरावांनी भीत भीत विचारलं होतं. त्याने हातातला पेचकस बाजूला ठेवून नीट सांगितलं. “स्लॅब टाकतानी घमेलं कसं हातोहात वर जाते मास्तर, तसंच. पुढची डबी मधलीले देते, मधली मागचीले. मधला गडी उठून गेला तं घमेलं तिथंच राह्यते.”

एक वाजायला आला तेव्हा त्याने वीस मिनिटांची सुट्टी मागितली. बायकोला साखरेचा आजार, नजर जवळजवळ गेलेली, दुपारची सुई तो स्वतः जाऊन द्यायचा. बरोबर वीस मिनिटांनी तो परत आला. निघताना मधली डबी त्याने खिडकीजवळच्या स्टुलावर ठेवली, वायर नीट गुंडाळून बांधली, आणि कपाटातली पुस्तकं पाहून विचारलं, सगळी वाचली का. अर्धी, असं गुणवंतराव म्हणाले. तेही त्यांना नंतर जास्तच सांगितल्यासारखं वाटलं.

खिडकीबाहेर रस्ता, आणि रस्त्यावरून कोळशाचे ट्रक. पावसाळ्यात धूळ बसते म्हणतात, पण चंद्रपूरची काळी धूळ कुठल्या ऋतूला जुमानत नाही. दोन दिवस उघाड मिळाली की पुन्हा घरात. त्यांची बायको मनकर्णा होती तोवर घरातल्या एकूण एक वस्तूला तिने झबलं शिवलं होतं. टीव्हीला, मिक्सरला, शिलाई मशीनला, अगदी टेलिफोनलासुद्धा. ती जाऊन दोन वर्षं झाली होती. संध्याकाळी गुणवंतरावांनी त्या पांढऱ्याशुभ्र डबीवरून बोट फिरवलं तर बोट काळं. उभा जन्म पुस्तकांवरची धूळ झटकण्यात गेलेला माणूस. त्यांना ते पाहवेना. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी डबी ओल्या फडक्याने पुसली, कोरड्याने पुसली, आणि लोखंडी कपाटात खालच्या खणात, शब्दकोशांच्या शेजारी ठेवून दिली. बिजागरीच्या फटीतून वायर आत घेतली आणि दार लावून टाकलं. फार दिवसांनी आपण घरच्या उपयोगाचं काही केलं, असं वाटून त्यांना बरं वाटलं होतं. रिनाला सांगावं असंही मनात आलं. पण एवढ्याशा गोष्टीची शाबासकी मागितल्यासारखं होईल म्हणून राहून गेलं.

आता जलालुद्दीन मोबाईल समोर धरून पुढच्या खोलीतून मधल्या खोलीत आला. रिकाम्या स्टुलापाशी थांबला. वायरीवरून त्याची नजर सरकत कपाटापर्यंत गेली. त्याने दार उघडलं. शब्दकोशांच्या मध्ये एक लाल दिवा लुकलुकत होता.

“धूळ बसत होती ना,” गुणवंतराव अर्धवट उठत, जरा उत्साहानेच म्हणाले. “म्हणून आत ठेवली.”

जलालुद्दीनने मागच्या दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “लोखंडातून धड जात नाई ते, मास्तर. कपाट लावलं का मागची डबी अर्धी आंधळीच.”

गुणवंतराव परत खाली बसले. पाच वेळा कट. कालची मीटिंग. दारातलं ते बोलणं.

“सापडलं का जी काही?” आतून रिनाने विचारलं.

जलालुद्दीन गुणवंतरावांकडे पाहत राहिला. त्या पाहण्यात राग नव्हता. एसटीच्या दाराशी एखाद्या वडीलधाऱ्याला आधी चढू द्यावं, तसा तो थांबला होता. ‘मी ठेवली होती, बेटा.’ एवढंच गुणवंतरावांना म्हणायचं होतं. वाक्य तयार होतं, ओठांपर्यंत आलं होतं. पण आल्यागेल्याला ‘आमचे बाबा लय वाचणारे’ असं सांगणारी रिना त्यांच्या डोळ्यांपुढे आली. महिन्याभरापूर्वी त्यांनी गॅसची शेगडी चालू ठेवली तेव्हा अजय ज्या स्वरात बोलला होता तो स्वर कानात आला. त्यांनी पुस्तकात पाहिलं.

“हो बाई,” जलालुद्दीन म्हणाला. “मायीच जागा चुकली होती. आता ठीक करतो.”

डबी पुन्हा स्टुलावर गेली. मिनिटभरात लाल दिवा निळा झाला. रिना बाहेर आली, तिने त्याला आणखी चार शब्द ऐकवले आणि त्याच्यासमोरच बिरजूला फोन करून सांगितलं की तुमचा माणूस स्वतःच कबूल करून राह्यला. जलालुद्दीन मान खाली घालून अवजारं पिशवीत भरत होता. जाताना तो गुणवंतरावांजवळ वाकला.

“पातळ कपडा टाकला तरी चालते मास्तर. कपड्यानं काही होत नाई.”

तो चिडला असता तर सोपं झालं असतं.

त्यानंतर आठ-दहा दिवस नेट असं चाललं की रिना खुशीत होती. पावसाने पुन्हा जोर धरला. गुणवंतराव रोज सकाळी चहाला बसताना ठरवायचे की आज सांगायचं. चहा व्हायचा, रिना खाली पाहून कप उचलायची आणि कामाला लागायची. वाचनात लक्ष लागेना. डोळ्यांना काही झालं का म्हणून अजयने विचारलं, तर ते हो म्हणाले. तेही खोटंच.

मग एक दिवस खांबावरची वायर बदलायला बुधू नावाचा नवा माणूस येऊन गेला. संध्याकाळी भाजी चिरता चिरता रिनाने सांगितलं की त्या जलालभाईला दूर जंगलातल्या भामरागडला पाठवलं म्हणे. बिरजूने तिकडच्या लाइनीचं कंत्राट घेतलं होतं. पावसाळाभर तिथेच राहून मशीन सांभाळायला माणूस पाहिजे होता आणि कोणी जायला तयार नव्हतं. तिच्या तक्रारीनंतर बिरजूने त्यालाच उचललं. तिलाही बरं वाटलं नव्हतं. “पण बाबा, त्यानं स्वतःच मानलं नं. मी का खोटं बोलली?”

“नाई,” गुणवंतराव म्हणाले. “तू काऊन खोटं बोलशील?”

दुपारच्या सुईचं तिला ठाऊक नव्हतं. तेही त्यांनी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी रिना कामाला बसल्यावर ते ऑटो करून बिरजूच्या दुकानात गेले. परक्याला सांगणं सोपं जाईल असा त्यांचा हिशेब होता. दुकानात तीन-चार गिऱ्हाइकं होती. त्यांच्या देखतच, त्यांनी सांगून टाकलं की डबी मी कपाटात ठेवली होती, जलालुद्दीनची काही चूक नाही. बिरजूने उठून त्यांना स्वतःची खुर्ची दिली.

“मास्तर, तुमी देवमाणूस. त्याले वाचवाले एवढ्या पावसात आले. पण मी त्याले इथीच उभं करून इचारलं, तो म्हणे मायी चूक हाय.”

“मी खरं सांगून राह्यलो बिरजूभाऊ.”

“हो नं जी, तुमचंच खरं.” बिरजू गिऱ्हाइकांकडे वळला. “पाहा. एका मेकॅनिकसाठी दुसऱ्याची चूक अंगावर घेऊन राह्यले. असे लोक आता राह्यले नाईत.”

एका तरुण गिऱ्हाइकाने तर वाकून पायाला हात लावला. गुणवंतरावांना पाय मागे घ्यायचंही सुचलं नाही. भामरागडच्या वाटेवर पर्लकोटा नदीच्या पुलावरून पाणी जात होतं, रस्ता बंद होता. पाणी उतरल्यावर पाहू, असं बिरजू म्हणाला. चहा समोर आला तो त्यांनी तसाच ठेवला. त्यांनी जलालुद्दीनचा पत्ता तेवढा मागून घेतला.

घुटकाळा वस्तीतली ती गल्ली अरुंद होती, घर टिनाचं. उघड्या दारातून दिसलं, एक बाई ताटात तांदूळ घेऊन निवडत होती. नजर समोरच्या भिंतीवर आणि बोटं तांदळात. खडा लागला की बोटं थबकायची. पावलांचा आवाज ऐकून तिने कोण म्हणून विचारलं. गुणवंतरावांनी नाव सांगितलं आणि बाबुपेठेतून आलो म्हणाले, तशी तिने पदर सारखा केला.

“मशीन पुन्हा बंद पडली का साहेब? ते इथी नाईत. भामरागडले गेले.” मग तीच माफी मागू लागली. त्यांचंही वय झालं आता, तुमच्या घरच्यांना तरास झाला, मनात ठेवू नका. गुणवंतरावांना आत बोलवून तिने हाताने चाचपून खुर्ची पुढे केली. तिचं नाव अमिना.

सुईचं त्यांनी विचारलं. शेजारची रुखसार देते, पण ती कॉलेजातून यायला तीन वाजतात. तोवर कधी कधी चक्कर येते, बाकी ठीक आहे. फोन? पूर आल्यापासून तिकडचा टॉवर बंद. पाच दिवस झाले, काही खबर नाही. हे सगळं ती दुसऱ्या कोणाचं सांगावं तसं सांगत होती. जरा थांबून, त्यांनी न विचारताच, ती पुढे बोलली.

“ते जातानी मी त्यायले लय बोलली साहेब. म्हटलं, पंचवीस वर्सं हेच काम केलं अन् आता डबी कुठी ठेवाची ते समजत नाई? मी तं आंधळी हावोच, आता तुम्हीबी झाले. सोडून द्या काम. काहीच बोलले नाईत ते. जेवलेबी नाईत. त्यायले दुसऱ्या कशाचा गर्व नाई, कामाचाच तेवढा होता.”

म्हणजे घरीसुद्धा त्याने सांगितलं नव्हतं.

“बाई,” गुणवंतराव म्हणाले, “ती चूक त्यांची नव्हती. डबी त्यांनी बरोबर ठेवली होती. मी ती उचलून लोखंडी कपाटात ठेवली. सुनेनं इचारलं तवा मी गप्प राह्यलो. मायी लाज जाऊ नये म्हणून त्यांनी सोतावर घेतलं.”

अमिनाची बोटं तांदळात थांबली.

“मंग मी त्यायले उगाच बोलली,” ती म्हणाली.

एवढंच. तिने त्यांना दोष दिला नाही, रडलीही नाही. रिनाला सांगायचं, बिरजूला सांगायचं, हिला सांगायचं, या सगळ्याचा विचार त्यांनी दहा दिवस केला होता. सांगितल्यावर हिच्यापाशी काय उरेल, हा विचार एकदाही केला नव्हता. दोन शब्द परत घ्यायला तिला आता फोनही लागत नव्हता.

“सुनेले सांगतलं का?” तिने विचारलं.

“नाई.”

तिने तांदळाचं ताट बाजूला सारलं.

“आता जाऊनच सांगतो,” गुणवंतराव म्हणाले. “ती असंन तशीच उठवून बिरजूकडे घेऊन जातो. तिचं ऐकंन तो.”

टिनावर एकदम पाऊस वाजायला लागला. अमिना उठली. भिंतीला हात लावत दारापर्यंत गेली, उंबऱ्यापाशी बसली आणि बाहेरच्या पायरीवर हात फिरवू लागली. ती काय शोधते आहे हे गुणवंतरावांच्या ध्यानात यायच्या आत तिने त्यांच्या चपला उचलून आत घेतल्या होत्या. कोपऱ्यातल्या फडक्याने तिने दोन्ही पुसल्या, बोटांनी डावी-उजवी पाहिली, आणि बाहेरच्या बाजूला तोंडं करून जोडीने ठेवल्या.

“भिजून राह्यल्या होत्या,” ती म्हणाली.

गुणवंतराव उठून दारापर्यंत आले. चपला समोर होत्या, पाऊस बाहेर होता. त्यांना बराच वेळ त्यांत पाय घालता आला नाही.