शेऱ्याचा रकाना

खोऱ्यातल्या एक्केचाळीस विहिरी मॉडेलमध्ये शहाण्यासारख्या वागत होत्या. सतरा नंबरची तेवढी हट्टाला पेटली होती.

जमिनीखालचं पाणी कुठून कुठे सरकतं, हे संगणकावर मांडण्यात भूजल खात्यातल्या एका अभियंता बाईचे आठ महिने गेले होते. सतरा नंबरला मात्र नोंदवहीतलं पाणी मॉडेलपेक्षा जवळपास पाऊण मीटर वर निघे. शेवटी वैतागून तिने नदीच्या तळातून तिथे पाणी मुरतं असं धरलं, आणि विहीर मुकाट रांगेत आली. नदी पाणी पुरवतेय म्हटल्यावर काय, वीस नव्या बोअर खुशाल घ्या असा अहवाल तयार! साहेब खूश. सोमवारी फक्त तिची सही व्हायची होती.

पण तिच्या मनात पाल चुकचुकत होती. नदीचं पाणी तिथे मुरून कमी होतं असं कुणीच कधी मोजलेलं नव्हतं. आणि त्या विहिरीच्या नोंदी होत्या तिच्याच वडिलांच्या. सव्वीस वर्षं दर महिन्याला टेप सोडून त्यांनी पाणी मोजलं होतं. जुने मोजणीदार घरबसल्या आकडे टाकायचे, ही ऑफिसातली थट्टा खरं तर हिनेच सुरू केलेली. आता ती बाईसाहेबांच्या बापावरच शेकणार होती.

रविवारी दुपारी ती वडिलांकडे गेली. ते इस्त्रीची वायर बदलत बसले होते. तिने तब्येतीपासून सुरुवात करून बरीच आडवळणं घेतली. वडिलांनी स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला आणि कुठली विहीर, एवढंच विचारलं.

मग तिने सगळं सांगितलं. मध्येच विहिरीचा कठडा सत्तर सेंटिमीटरने उंच केला होता, म्हणून कठड्यापासून मोजलेली खोली तेवढी जास्त भरणार. त्यांच्या वह्या संगणकात चढवताना तिने पुढच्या प्रत्येक आकड्यातून सत्तर वजा केले होते. नोकरीच्या पहिल्याच वर्षी हे सुचलं याचा तिला कोण अभिमान!

वडील उठले आणि कपाटातून घरची वही घेऊन आले. ऑफिसच्या वहीत लिहिलेलं सगळं ते तिच्यात उतरवून ठेवत. तिने पान वाचलं. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं: 'कठडा ७० सेंमी वाढवला. आजपासून तेवढे वजा करून लिहीत आहे.'

संगणकात शेऱ्याला जागाच नव्हती, म्हणून तिने तो रकाना सोडून दिला होता. तेच सत्तर दोनदा वजा झाले होते. पाणी तेवढं खाली होतं, नदी काहीच देत नव्हती, आणि त्या वीस बोअरांनी खालच्या वस्तीच्या विहिरी कोरड्या पडल्या असत्या. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बाबा, मी तुमच्यावर संशय घेतला," ती म्हणाली.

"घ्यायलाच हवा. मीसुद्धा टेप दोनदा सोडायचो," ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "पण आता लिहिणार काय?"

नोंदणीतली जुनी चूक, एवढं लिहिलं असतं तरी भागलं असतं. कुणी विचारायलाही आलं नसतं.

सोमवारी साहेबांचा चेहरा उतरला. तिने मॉडेलमधून नदीचं पाणी काढलं, वीस बोअरची शिफारस खोडली आणि पहिल्याच पानावर शेऱ्याचा रकाना आखला. त्यात लिहिलं: 'विहीर १७. सत्तर सेंटिमीटर दोनदा वजा झाले. पहिल्यांदा मोजणीदाराने, बरोबर. दुसऱ्यांदा मी.'

खाली तिने सही केली.