परातीचा दुसरा ठोका

आमच्या तोलमे गावाची लोकसंख्या दोन. एक मी, पे गिल्दो, गावप्रमुख. दुसरी ओढ्यापलीकडची बामसिलवाली. आमच्याकडे बायकांना माहेरच्या गावावरून हाक मारतात, त्यामुळे तिचं खरं नाव मी फक्त सरकारी यादीत वाचलेलं. तोंडातून कधी काढलं नाही. आणि काढायला आम्ही बोलत होतो कुठे? हद्दीवरच्या अक्रोडाच्या झाडावरून अकरा वर्षांपूर्वी आमचं वाजलं ते वाजलंच.

तरी रोज सकाळी सातला मी भोंगा लावायचोच. गावप्रमुखाचं ते कामच आहे. हवा, मिरचीवरची फवारणी, कचेरीच्या सूचना, सगळं 'ग्रामस्थांना कळवण्यात येतं की' म्हणून एकट्या तिला सांगायचो. मध्येच एखादा टोमणा: काही ग्रामस्थांच्या कोंबड्या दुसऱ्यांच्या मुळ्यांत शिरतात, याची नोंद घ्यावी. मग पलीकडून ती पितळी परात वाजवायची. एक ठोका म्हणजे ऐकलं. दोन म्हणजे मान्य नाही. बाई अशी खट, की निम्म्या दिवशी दोनच पडायचे.

गेल्या पानगळीत गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी तिच्या पोराने तिला देगू शहरात नेलं. परात गाठोड्यात बांधून घेऊन गेली, मी ओसरीवरून पाहिलं. किमचीचं लोणचं घालायच्या दिवसांत येईल म्हटलं, आली नाही. बर्फ पडला, वितळला. मी रोज बोलायचो आणि पलीकडे नुसता ओढा वाजायचा. खोटं कशाला सांगू, मला करमत नव्हतं.

थंडी सरली तशा कचेरीतून ग्वोनबाई रहिवासी तपासणीला आल्या. यादीतला माणूस खरंच इथे राहतो का, ते गावप्रमुखाने शिक्का मारून सांगायचं. दोन निघाले तर गाव. एकच निघाला तर तोलमे म्हणजे खालच्या सोंजोन गावाची चौथी वाडी, आणि भोंगाही उतरवणार.

त्यांनी विचारलं, बामसिलवाली कुठे? मी म्हटलं, रानात भाजी खुडायला गेलीय. तिच्या अंगणात सकाळीच मी तिचा जुना टॉवेल वाळत घातला होता, तोही लांबून दाखवला. माझं वय अठ्ठ्याहत्तर, आणि धंदे हे असले.

ग्वोनबाईंनी टॉवेलकडे पाहिलं, मग माझ्याकडे. रागावल्या नाहीत.

"आजोबा, तिच्या मुलाचे तीन फोन आले मला. नाव देगूला हलवलं तर तिथल्या वॉर्डातून रोज मदतीला बाई मिळेल. मुलगा-सून कामावर जातात, ही दिवसभर एकटी. परवा न्हाणीत पडली. पण कागदावर सही करायला तयार नाही."

"का?"

"म्हणते, मी नाव काढलं तर तो म्हातारा भोंग्यावर बोलणार कुणाशी?"

शिक्का खिशात होता, तो खिशातच राहिला. मी त्यांच्याकडे दोन दिवस मागितले आणि तिच्या पोराचा नंबर लिहून घेतला.

दुसऱ्या दिवशी सातला आधी पोराला फोन लावला. म्हटलं, आईच्या कानाशी धर. मग माझा फोन माइकपाशी ठेवला आणि भोंगा चालू केला.

"ग्रामस्थांना कळवण्यात येतं की, आज दव कमी आहे. गावाची वाडी झाली म्हणून कुणाचं काही बिघडत नाही. तरी ग्रामस्थ यू ओकबुन ऊर्फ बामसिलवाली यांनी आपलं नाव देगूला हलवावं. अक्रोडाचं झाड त्यांचंच आहे. ते मला आधीपासून माहीत होतं."

मग फोन उचलून कानाला लावला. पोरगा काहीतरी हळू बोलला, भांडी सरकल्यासारखा आवाज आला, आणि परात वाजली. एक ठोका.

मी थांबलो. म्हटलं, अकरा वर्षं माझं एक ऐकलं नाही, ती आज कशी ऐकेल. आत्ता मारेल दुसरा. माइक चालूच राहिला होता, माझाच श्वास भोंग्यातून रिकाम्या गावावर ऐकू येत होता.

दुसरा ठोका पडलाच नाही.