हुकूम शिरसावंद्य

डॉन फर्मिन यांनी कागदाचं चुंबन घेतलं, तो डोक्याला लावला आणि नेहमीच्या संथ आवाजात म्हणाले,

"हुकूम शिरसावंद्य. अंमल मात्र तूर्त होणार नाही."

समोर उभा असलेला नव्या सरकारचा कॅप्टन कीरोस हसला.

"अहो, हे राजाच्या वेळी चालायचं. राजा समुद्रापलीकडे होता, त्याला उत्तर पोचेपर्यंत कैदी म्हातारा होऊन मरायचा. आम्ही इथंच अंगणात उभे आहोत. हो की नाही, तेवढं बोला."

सान हेरोनिमो गावाचा कारभार डॉन फर्मिन यांनी याच एका वाक्यावर हाकला होता. स्पेनहून आलेला जुलमी हुकूम असा डोक्याला लागायचा, मग कपाटात कुजायचा, आणि गावात माणसं जगायची. गेल्या आठवड्यात स्वातंत्र्य जाहीर झालं, तरी नव्या मंडळींनी अधिकाराची काठी त्यांच्याच हाती राहू दिली होती. ती ज्याच्या हाती, त्याच्या होकाराशिवाय गावात कुणाला गोळी घालता येत नसे.

आताचा हुकूम चर्चची घंटा वाजवणाऱ्या निकानोरला गोळी घालण्याचा होता. राजाचं राज्य संपलं, घंटा वाजव, असं त्याला सांगितलं होतं. बिचाऱ्यानं मर्तिकाची घंटा वाजवली. राजा गेला म्हटल्यावर दुसरी कुठली वाजवणार? नव्या सरकारला तो स्वातंत्र्याचा अपमान वाटला.

"म्हातारा भोळा आहे, कॅप्टन."

"असेल. हो की नाही?"

डॉन फर्मिन यांनी कपाळावरचा घाम पुसला. राजालासुद्धा आपण कधी सरळ 'नाही' म्हणालो नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं आणि आयुष्यभराच्या टोलवाटोलवीची एकाएकी लाज वाटली.

"नाही!" ते म्हणाले. "माझ्या हातून हे पाप होणार नाही. ही घ्या तुमची काठी."

कॅप्टननं ती मुकाट्यानं घेतली. जरा वाकून मानही दिला.

घरी येताना त्यांना फार हलकं वाटत होतं. बायकोनं, पेत्रोनिलानं, पुढ्यात गरम चॉकलेटचा पेला ठेवला. ती याच गावची लेक, निकानोरच्या शेजारात वाढलेली.

"तोंडावर 'नाही' म्हणालो," ते म्हणाले. "काठी दिली टाकून आणि निघालो."

"कुणाला दिलीत?"

"त्या कीरोसला."

पेत्रोनिलानं पेला बाजूला सारला.

"अहो, मोठेपणा तुम्हाला मिळाला. पण त्या म्हाताऱ्यासाठी अडून बसणारं आता तिथं कोण उरलं?"

डॉन फर्मिन टोपी न घालताच चौकाकडे धावले. अर्ध्या वाटेत गोळ्यांचा आवाज आला, आणि ते पळायचे थांबले.