मला जपू नका, कापा

मी एक जुना दोर आहे, मित्रांनो, आणि माझ्या जुनेपणाचा सगळ्यांत जास्त फायदा होता तो भिंगरीमामांना. नवा दोर माणसाला नुसता कड्यावरून खाली उतरवतो. एकदा जीव वाचवलेला जुना दोर मात्र माणसाला व्यासपीठावर चढवतो. मखमलीच्या कापडावर माझं वेटोळं ठेवलं की मामांना पुढच्या रांगेतून टाळ्या मिळत, मागच्या रांगेतून "वा!" मिळे, आणि चहाच्या वेळी चार माणसं "पुढच्या सहलीला आम्हालाही न्या" म्हणून गळ्यात पडत. एवढं पदरात पडत असताना दोर बदलायला मामा काय वेडे होते?

त्यात माझा काय फायदा, हे कुणी विचारलं नाही. म्हणून आज मीच बोलतो. आणि आधीच सांगून ठेवतो, "मला फेकू नका हो, माझी काळजी घ्या" असलं रडगाणं ऐकायला आला असाल, तर एखादी जुनी छत्री किंवा मोडकी खुर्ची गाठा. माझ्याकडे ते मिळणार नाही.

माझा जन्म कारखान्यातला. पांढरे बारीक धागे पिळून आधी माझा गाभा झाला. मग एका गोल यंत्रावर रंगीत रिळं एकमेकांभोवती फेर धरून नाचली आणि गाभ्यावर निळी-पिवळी साल विणली गेली. लोकांना दिसते ती साल, वजन पेलतो तो गाभा. माझ्याच लांबीतून कापलेल्या माझ्या एका भावाला शेजारच्या खोलीत नेलं आणि त्याच्यावर लोखंडी वजन आदळलं. पुन्हा आदळलं. तो तुटेपर्यंत आदळत राहिले. तो बराच वेळ टिकला, म्हणून मला 'उत्तम' ठरवून दुकानात पाठवलं. झटके त्याचे, कौतुक माझं! ही वाटणी मला तेव्हापासूनच खटकते.

दुकानातून मला मामांनी उचललं. मामा पेशाने चष्मेवाले. एरवी काउंटरमागे बसून लोकांना लांबचं दाखवायचं आणि सुट्टी लागली की स्वतः लांबचं बघायला पळायचं, असा त्यांचा खाक्या. पायाला भिंगरी, म्हणून सगळ्या गावाचे ते भिंगरीमामा. खोटं कशाला बोलू, त्यांच्याबरोबर मी जग पाहिलं. मिठाच्या एका पांढऱ्याफटक मैदानावर जमीन कुठे संपते आणि आभाळ कुठे सुरू होतं तेच कळेना, तेव्हा मामांनी मला लांबलचक पसरलं आणि सगळ्यांना माझ्या कडेने चालवलं. एका गुहेत विजेऱ्या विझवून सगळे मला धरून गप्प बसले आणि अंधारात कुठूनतरी पाण्याचं गाणं ऐकू आलं. एका बेटावर शेळीनं माझं टोक चघळून पाहिलं आणि नाक मुरडून निघून गेली. आणि ते हिरवं तळं! कड्याच्या पोटात लपलेलं, वरून कुणाला दिसू नये असं. ते मामांनीच शोधलं. परत आल्यावर दुकानात तेच पुराण. गिऱ्हाईक यायचं डोळे तपासायला आणि जायचं तळं बघून. एका आजोबांचा चष्मा तर त्या नादात चुकीच्या नंबरचा निघाला. पण गोष्ट ऐकायला म्हणून ते पुन्हा त्याच दुकानात आले!

मामांची खरी शिष्या म्हणजे त्यांच्या बहिणीची मुलगी. शाळेत होती तेव्हापासून ती मामांच्या मागे मागे. गाठी मारायला तिला मामांनी शिकवलं आणि नियमही त्यांनीच घालून दिला. उतरण्याआधी सगळाच्या सगळा दोर तळहातावरून सरकवत न्यायचा. खोट जाणवून हात जिथे थांबला, तिथे दोर संपला. मग तो कितीही लाडका असो.

नियम चोख होता. तो मोडला नियम करणाऱ्यानेच.

झालं असं. त्याच हिरव्या तळ्याच्या कड्यावर एकदा मामांच्या पायाखालचा दगड निसटला. मामा सुटले, मी कड्याच्या धारदार कडेवर आपटलो आणि त्यांचा सगळा भार माझ्या एका जागेवर आला. वर मला धरून मामी उभ्या होत्या. त्यांचे पाय घसरत पुढे गेले, तळहातांची सालं निघाली, पण त्यांनी मला सोडलं नाही. मामा खाली वाळत घातलेल्या सदऱ्यासारखे लोंबकळत होते. वर आल्यावर त्यांनी पहिली मिठी मारली ती मला. मला हो! मामी बाजूला हातावर फुंकर घालत बसल्या होत्या.

"आता हा दोर कापून टाका," मामी म्हणाल्या.

"अगं, ज्यानं वाचवलं त्यालाच कापू?"

"वाचवलं मी. तो नुसता ताणला गेला."

"तू पण ना!" म्हणून मामा हसले आणि ज्या जागेवर भार आला होता तिथे त्यांनी कौतुकाने लाल दोरा बांधला. म्हणे, ही शुभ जागा!

तिथून माझ्या मानसन्मानाला सुरुवात झाली. प्रत्येक व्याख्यानात दरी थोडी थोडी खोल होत गेली. मामी आधी 'माझी पत्नी' होत्या, मग 'एक सहकारी' झाल्या आणि पुढे पुढे गोष्टीतून गळूनच गेल्या. मी मात्र फुगत गेलो. लोक माझ्याबरोबर फोटो काढत. लाल दोऱ्याच्या जागी बोट टेकवून "हीच का ती?" असं विचारत. हीच ती, मित्रांनो. आत अर्धी फाटलेली. वरची साल तेवढी शाबूत.

आणि मग मामांनी जाहीर केलं, 'साहसी सुट्टी, हिरव्या तळ्याकाठी. ज्या दोराने वाचवलं, त्याच दोराने उतरू या.' मंडळींच्या उड्या पडल्या. निघायच्या दिवशी भाची म्हणाली, "मामा, एक नवा दोर बरोबर असू दे."

"नव्या दोरासाठी कोण आलंय इथे?" मामा म्हणाले आणि गाडीत बसले.

सकाळच्या उन्हात सगळे कड्यावर जमले. पहिली उतरणार होती भाची. तिने मला हातात घेतलं आणि शिकवल्याप्रमाणे तळहातावरून सरकवू लागली. लाल दोऱ्यापाशी तिचा हात थांबला. तिने दोरा सोडला, ती जागा चिमटीत दाबली, वाकवून पाहिली. मी तिथे ओल्या चिंधीसारखा दुमडलो.

"मामा, इथे हात थांबतोय."

"थांबणारच! तीच तर जागा. तिथेच मी वाचलो."

"आत काही उरलेलं नाही इथे. मऊ लागतंय."

मामा मंडळींकडे वळले. "आमच्या भाचीबाईंना ऐन वेळी दरी दिसली बरं का!"

मोठा हशा पिकला. भाचीचे कान लाल झाले, पण ती जागची हलली नाही.

"मी नाही उतरणार. आणि दुसऱ्या कुणाला उतरूही देणार नाही."

"मला शिकवतेस? तुला साधी गाठ मारता येत नव्हती, तेव्हापासून हा दोर माझ्याबरोबर आहे."

"म्हणूनच म्हणतेय. हात थांबला की दोर संपला, हे वाक्य कुणाचं?"

"ते इतर दोरांसाठी!"

ऊन लागू नये म्हणून छत्री उघडून बसलेल्या एक बाई कुरकुरल्या, "अहो, आम्ही कशीबशी रजा मिळवून आलोय. घरचं भांडण घरी करा ना."

"बरोबर बोललात," मामा म्हणाले. "बाजूला हो गं. मीच उतरतो आधी."

आणि त्यांनी माझं टोक कमरेच्या पट्ट्यात ओवायला घेतलं. मित्रांनो, त्या क्षणी मला तोंड असतं, तर मी अख्खी दरी दणाणून सोडली असती. मला तुमची मखमल नको, तुमचे फोटो नकोत! मी एकदा पेललं, माझं काम झालं. पुन्हा पेलेन अशी हमी मी कधी दिली होती? ती तुम्ही परस्पर माझ्या नावावर खपवलीत!

मला तोंड नव्हतं. पण भाचीला हात होते. तिने मामांच्याच पिशवीतली घडीची सुरी काढली, मला गुडघ्याखाली दाबलं आणि लाल दोरा होता तिथेच करकरा कापलं. मामा "अगं, अगं" करत धावले तोवर मी दोन झालो होतो. तिने कापलेलं टोक उलगडून सगळ्यांपुढे धरलं. सालीच्या आत धागे पिंजलेल्या कापसासारखे विस्कटले होते. तिच्या सुरीला कापायला धडाचे असे थोडेच उरले होते.

छत्रीवाल्या बाईंनी छत्री मिटली. "म्हणजे... आम्ही याच्यावर लटकणार होतो?"

मामा त्या टोकाकडे बघत राहिले. मग एवढंच म्हणाले, "सुरी मिटव. हात कापेल तुझा."

घरी आल्यावर मामींनी कुणाला न विचारता माझे आणखी तुकडे केले. त्यातल्या बऱ्यापैकी लांब तुकड्यावर आता मामांचे सदरे वाळतात. मला त्याची लाज नाही. सदरा पडला तर फार तर पुन्हा धुवावा लागतो.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या घरी असा एखादा दोर असेल, अपघातात डोकं वाचवलेलं एखादं हेल्मेट असेल, तर त्याचं खुशाल कौतुक करा. पण त्याच्या भरवशावर पुन्हा जीव टांगू नका. आमचं प्रेम आलंच असेल, तर आम्हाला कापा, फोडा, आमच्या कुंड्या करा. आणि एवढे बारीक तुकडे करा, की कुणाला लटकायचा मोहच होऊ नये.

आता कुणी काय किंमत मोजली ते पाहू. मंडळींचं तळं हुकलं आणि रजा वाया गेली. माझी लांबी गेली. मामांची सगळ्यांत गाजलेली गोष्ट गेली, आणि आता त्यांच्या व्याख्यानाला मागच्या खुर्च्या रिकाम्या असतात. पण सगळ्यांत जास्त मोजली ती भाचीने. त्या दिवसापासून मामा तिला 'तुम्ही' म्हणतात. परवा ती आली, तर दारातच, "या, बसा. तुमचं कसं चाललंय?" एखाद्या नव्या गिऱ्हाइकाशी बोलावं तसं. बोलून ते आत निघून गेले.

मामी गॅलरीत कपडे काढायला आल्या, त्यांच्यामागून भाची आली.

"मनाला लावून घेऊ नकोस गं," मामी म्हणाल्या. "किती दिवस 'तुम्ही' म्हणतील?"

भाचीने माझ्यावरचा मामांचा सदरा उतरवला आणि झटकून घडी घातली.

"म्हणू देत, मामी," ती म्हणाली. "म्हणायला आहेत ना."